घरून शिकणाऱ्या मुलाचा कॉम्प्युटर मांडताना या चुका टाळा

लॅपटॉप घेताना प्रोसेसर, रॅम, वॉरंटी सगळं पाहिलं जातं आणि मग तो जेवणाच्या टेबलावर ठेवून दिला जातो. थोड्याच दिवसांत मुलाची मान दुखायला लागते, क्लास मधेच तुटतो. अशा बहुतेक तक्रारींचं मूळ मांडणीत असतं आणि ती सुधारायला फार पैसे लागत नाहीत.

मोठ्यांच्या मापाचं टेबल

घरातलं टेबल साधारण 75 सें.मी. उंच असतं, खुर्चीची बैठक 45. पाचवी-सहावीतलं, 140 सें.मी. उंचीचं मूल बसलं की त्याचं कोपर बैठकीपासून जेमतेम 20 सें.मी.वर येतं. म्हणजे टेबल कोपरापेक्षा 10 सें.मी. वर. मग ते खांदे उचलून टाइप करतं आणि दमलं की पुढे ओणवतं. उपाय सोपा आहे, बैठक वर घ्या. घट्ट घडी घातलेली सतरंजी चालते. मऊ फोम दबतो आणि माप बिघडतं.

पुढची पायरी मात्र हमखास राहून जाते. बैठक वर गेली की पाय लोंबकळतात, खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. पायाखाली 20 सें.मी. उंचीचं भक्कम खोकं हवं. नुसता पाट पुरत नाही. मूल वाढत असतं, त्यामुळे दर सहा महिन्यांनी टेप घेऊन पुन्हा मोजा.

लॅपटॉप थेट टेबलावर

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. त्यासाठी लॅपटॉप साधारण 15 सें.मी. उचलावा लागतो, जाड पुस्तकांचा गठ्ठाही चालेल, फक्त खालच्या हवेच्या जाळ्या झाकू नका. उचललेल्या लॅपटॉपवर टाइप केलं तर मनगटं दुखतात, म्हणून वेगळा की-बोर्ड आणि माउस घ्याच. वायरवाली जोडी हजाराच्या आत मिळते. आमच्या मते खर्च करायची पहिली जागा हीच.

खिडकी स्क्रीनच्या मागे नको, मुलाच्या पाठीशीही नको. बाजूला हवी.

तीन पिनच्या प्लगला दोन पिनची पट्टी

चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर बोर्डाला अर्थिंग आहे का ते आधी बघा. सॉकेट जुनं म्हणून जाड पिन टाळणारी पट्टी लावली की अर्थिंग तुटतं. स्पाइक गार्ड (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्ड) घेतला असेल तरी अर्थिंगशिवाय तो नीट काम करत नाही. वायरमनला मीटर लावून पाहायला सांगा: फेज ते अर्थ 230 व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

लाईट गेली की क्लास गेला

घरात इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच डेस्कटॉप बंद पडतो? बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते यूपीएसवर हवं. दुसऱ्या स्थितीत बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, पण आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. 9 व्होल्टच्या उपकरणाला 12 व्होल्ट दिले तर ते जळू शकतं. फायबरची पेटी, म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची वायर जिला जोडलेली असते ती, राउटरपासून वेगळी असेल तर तिलाही बॅकअप द्या. एकटा राउटर चालू राहून इंटरनेट येत नाही.

व्हिडिओ अडकतोय, मग लगेच प्लॅन वाढवणं

आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून पाहा. व्हिडिओ नीट चालला तर दोष वाय-फायमध्ये आहे. राउटर टीव्हीमागून किंवा लोखंडी कपाटाशेजारून काढून उघड्यावर, छातीच्या उंचीला लावा. बऱ्याच राउटरवर वाय-फायची 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क असतात. मधे दोन भिंती असतील तर 5 ऐवजी 2.4 गिगाहर्ट्झचं निवडा. वेग कमी, पण भिंतीपलीकडे टिकतं. अभ्यासाची जागा कायमची असेल तर कॅट-6 प्रकारची लॅन केबल ओढून घेणं सर्वांत खात्रीचं.

केबलवरही व्हिडिओ अडकला तर फायबरच्या पेटीमागची पातळ, बहुधा पिवळी वायर बघा. टेबल भिंतीला सरकवताना ती मुडपते आणि आतल्या काचेच्या तंतूतून प्रकाश पुढे जात नाही. पेटीवर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर वायर हलक्या हाताने सरळ करा. तरी तो विझला नाही, तर राउटर बंद-चालू करण्यात वेळ न घालवता कनेक्शन देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा.