एन्क्लोजरचे पेटंट आणि ‘हे तर उघडच आहे’ हा आक्षेप: या चुका टाळा

इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या डब्याला कारखान्यात कोणी एन्क्लोजर म्हणतो, कोणी हाउसिंग, तर कोणी नुसतेच बॉक्स. या बॉक्सवर पेटंट मागणाऱ्या अर्जांचा पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, हातात आला की त्यातला मुख्य आक्षेप न वाचताही मला सांगता येतो. डी-१ मध्ये (परीक्षकाने पुढे केलेल्या जुन्या दस्तऐवजांना डी-१, डी-२ असे क्रमांक देतात) झाकण, तळ आणि फटीतून पाणी येऊ न देणारे रबरी गॅस्केट आहे, डी-२ मध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या फिन्स आहेत, आणि या दोहोंना एकत्र आणणे जाणकाराला उघड होते, म्हणून इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, असा तो असतो. अर्जदार संतापतात आणि परीक्षकाला एन्क्लोजरमधले काही कळत नाही असे म्हणतात. बहुतेक वेळा परीक्षकाला पुरेसे कळलेले असते आणि चूक अर्जातच असते. ती चूक एफईआरचे उत्तर लिहिताना नव्हे, तर वर्षा-दोन वर्षांपूर्वी स्पेसिफिकेशन, म्हणजे अर्जातले शोधाचे सविस्तर वर्णन, लिहिताना झालेली असते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) नुसार इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणजे शोधाचे असे वैशिष्ट्य, ज्यात आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही आहेत, आणि ज्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातील जाणकाराला उघड वाटणार नाही. शेवटचा भाग ‘आणि’ने जोडलेला आहे. तरीही ‘आर्थिक महत्त्व’ एवढेच शब्द पकडून विक्रीचे आकडे जोडणारे अर्जदार दर महिन्याला भेटतात. डबा खूप खपतो, यावरून तो उघड नव्हता असे सिद्ध होत नाही.

भागांची यादी देणे आणि कारण न देणे

ही माझ्या सर्वांत जास्त रागाची चूक आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात भोसरीतील एका छोट्या उद्योजकाचे काम माझ्याकडे आले. सौर पंपांसाठी ते कंट्रोलर बनवत असत. प्लास्टिकच्या डब्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची ओतीव प्लेट, प्लेटच्या मधल्या भागावर तापणारी पॉवर डिव्हाइसेस, आणि प्लेटच्या कडेला गॅस्केट व स्क्रू, अशी ती रचना होती. मधला भाग आणि कड यांच्यामध्ये प्लेटला सभोवार एक खाच पाडलेली होती आणि खाचेखाली धातूचा पातळ पडदा तेवढा उरलेला होता. ड्रॉइंगवर त्या खाचेशेजारी ‘वजन कमी करण्यासाठी’ अशी टीप होती. मी कारखान्यात गेलो नाही आणि डबा उघडून पाहिला नाही. ड्रॉइंगवरील टीप जशीच्या तशी स्पेसिफिकेशनमध्ये उतरवली आणि तळ, प्लेट, फिन्स, खाच, गॅस्केट, स्क्रू असा सहा भागांचा क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारे कलम, लिहून अर्ज दाखल केला.

एफईआरमध्ये डी-१ म्हणून पाठीला फिन्सची प्लेट असलेला डबा आला, आणि डी-२ म्हणून वजन कमी करण्यासाठी खाच पाडलेली ओतीव प्लेट आली. हे दोन दस्तऐवज एकत्र आणण्याचे कारण परीक्षकाला शोधावे लागले नाही, ते आमच्याच स्पेसिफिकेशनमध्ये छापलेले होते.

मी ते उद्योजकांना दाखवले तेव्हा ते चकित झाले. ‘अहो, वजन कसलं! ती टीप ड्राफ्ट्समनने टाकलीय. खाच नसली तर कड तापते, रबर मरतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाणी आत,’ ते म्हणाले. मग त्यांनी एक वही काढली. तिच्यात खाच असलेल्या आणि नसलेल्या प्लेटच्या कडेचे थर्मोकपलने घेतलेले तापमान ओळीने लिहिलेले होते. शोध असा होता की धातूचा उष्णतेचा रस्ता मध्येच अरुंद केल्यामुळे कड थंड राहते आणि गॅस्केटचा लवचीकपणा टिकतो. एरवी गॅस्केट सर्वत्र सारखे दाबले जावे म्हणून कड आणि तिच्या आसपासची प्लेट जाड व ताठ ठेवतात. ती पातळ करणे ही रूढ पद्धतीच्या विरुद्ध दिशा होती. हे अर्जात लिहिलेले असते तर लढायला पक्की जमीन मिळाली असती.

सुनावणीत मी हे सगळे पोटतिडकीने मांडले. अर्जाचा निकाल देणाऱ्या पेटंट कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे कंट्रोलरांनी, शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘हे तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये कोणत्या पानावर आहे?’ कलम ५९ नुसार दुरुस्ती फक्त डिस्क्लेमर (मागितलेल्या हक्कातला काही भाग सोडून देणे), चूक सुधारणे किंवा स्पष्टीकरण या स्वरूपातच करता येते. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये सारतः नसलेली बाब नंतर घालता येत नाही आणि क्लेमही आधीच्या क्लेमच्या कक्षेबाहेर नेता येत नाहीत. वहीतले आकडे पुरावा म्हणून खरे होते, पण ते ज्या परिणामाला पाठबळ देत होते तो परिणामच अर्जात नव्हता, आणि उलट दुसरेच कारण लिहिलेले होते. अर्ज नामंजूर झाला. खऱ्या कारणासह नवा अर्ज करावा, तर १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध झालेला आमचाच पहिला अर्ज ती खाच चित्रासह जगाला दाखवून बसला होता. कलम ११७ए खाली उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी तीन महिने होते. पण उद्योजकांना त्यात रस उरला नव्हता, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही मुद्दा उरला नव्हता.

तेव्हापासून मी शोधकाला डबा घेऊनच बोलावतो. टेबलावर तो पूर्ण खोलायला लावतो आणि प्रत्येक भाग, खाच, उंचवटा नि भोक दाखवून विचारतो, ‘हे काढले तर काय बिघडेल?’ काहीच बिघडत नसेल तर ते मुख्य क्लेममध्ये जात नाही. काही बिघडत असेल तर ते का बिघडते, किती बिघडते आणि कशाने मोजले, हे सारे स्पेसिफिकेशनमध्ये जाते. याला दोन दुपारी लागतात. ज्यांना दोन दुपारी काढता येत नाहीत, त्यांचे काम मी आता घेत नाही.

डी-१ आणि डी-२ यांना वेगवेगळे झोडपणे

नवख्यांच्या उत्तरांचा साचा ठरलेला असतो. डी-१ मध्ये फिन्स नाहीत, म्हणून आमचा शोध वेगळा. डी-२ मध्ये गॅस्केट नाही, म्हणूनही आमचा शोध वेगळा. सबब आक्षेप मागे घ्यावा. हे उत्तर नवेपणाच्या आक्षेपाला आहे. नवेपणा घालवायला सर्व वैशिष्ट्ये एकाच दस्तऐवजात असावी लागतात. इन्व्हेंटिव्ह स्टेपचा आक्षेप मुळात दोन दस्तऐवज एकत्र ठेवूनच घेतलेला असतो, त्यामुळे प्रत्येकात काय कमी आहे हे सांगून त्याला धक्काही लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हा मुद्दा स्वच्छ केला आहे. तो खटला भांडी घडवताना लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाचा होता, म्हणजे आपल्या डब्यांपासून फार दूरचा नव्हे. न्यायालयाने म्हटले की ज्ञात गोष्टींची जुळणी पेटंटयोग्य ठरायची असेल तर ती कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेहून काही अधिक असली पाहिजे. जुने घटक परस्परांशी मिळून काम करून नवी प्रक्रिया किंवा सुधारलेला परिणाम देत असतील तर ठीक, पण घटकांचा नुसता गोळा केलेला संच पुरेसा नाही. ते पेटंट टिकले नाही. कलम ३(एफ) ही याच जातीचे आहे. आपापले काम ठरलेल्या रीतीने, एकमेकांशी संबंध न ठेवता करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा त्यात शोधच धरलेला नाही. गॅस्केट पाणी अडवते आणि फिन्स उष्णता टाकतात, एवढेच तुमच्या अर्जात असेल तर दोघे शेजारी आहेत, त्यांच्यात नाते नाही. माझ्या फसलेल्या अर्जात खाच हेच ते नाते होते, आणि मी ते वजनाच्या खाती घालून टाकले.

मग दोन दस्तऐवजांच्या जोडीला उत्तर काय द्यायचे? जाणकाराने ते जोडले का नसते, हे दाखवायचे. समजा, डी-१ मधले झाकण अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने कायमचे बंद केलेले आहे आणि डबा कधीच उघडू नये हाच त्याचा हेतू आहे, तर डी-२ मधली स्क्रूने दाबायची, बदलता येणारी गॅस्केट त्यात घालणे म्हणजे डी-१ चा हेतूच मोडणे होय. असे उत्तर द्यायचे तर दोन्ही दस्तऐवज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावे लागतात. परीक्षकाने उल्लेखलेला परिच्छेद तेवढा वाचून उत्तर लिहिणाऱ्यांना हा मुद्दा सापडणार कोठून?

‘डी-२ रस्त्यावरच्या एलईडी दिव्याचा आहे, आमचा डबा पंपाचा आहे,’ या युक्तिवादाचाही फार भरवसा धरू नये. पाऊस, धूळ आणि उष्णता यांच्याशी झगडणारा डबा बनवणारा इंजिनिअर दिव्याचा डबा पाहणारच.

समस्या ढोबळ मांडणे

‘पाणी आत येऊ नये’ ही समस्या नव्हे, ती इच्छा आहे. उन्हात आतली हवा ६० अंशांना तापलेला हवाबंद डबा पावसाच्या सरीत २५ अंशांवर आला की आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे साधारण एक मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा फरक पडतो. आयपी६७ या धूळ-पाणीरोधक दर्जाची बुडवण्याची चाचणीही एक मीटर खोलीवर ३० मिनिटांचीच असते. तेव्हा डब्यावर पाणी नुसते पडत नाही, डबा ते ओढून घेतो. समस्या अशी मांडली की गॅस्केट आणखी घट्ट करायला सांगणारे दस्तऐवज आपोआप बाजूला पडतात. हवा जाऊ देणारा व पाणी अडवणारा पडदा बसवणे मात्र सर्वज्ञात आहे, म्हणून नुसत्या त्या पडद्यावर क्लेम मागायला माझ्याकडे येऊ नये. समस्या मांडताना एक पथ्य पाळावे लागते: उत्तर समस्येतच पेरायचे नाही. ‘खाच नसल्याची समस्या’ असे लिहिणाऱ्याला कंट्रोलर हसले तर तो त्यांचा दोष नाही.

दहा क्लेमवर हात आखडणे

मूळ फीमध्ये १० क्लेम आणि ३० पाने येतात. त्यापुढच्या प्रत्येक क्लेमला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जात ३२० रुपये पडतात. साच्यावर लाखो रुपये घालणारा माणूस ३२० रुपयांसाठी अवलंबित क्लेम, म्हणजे मुख्य क्लेमला आणखी तपशील जोडणारे क्लेम, कापायला सांगतो, तेव्हा मला हसावे की रडावे हे समजत नाही. मुख्य क्लेम पडला की मागे हटायला पायऱ्या लागतात आणि त्या पहिल्या दिवशीच बांधलेल्या असाव्या लागतात. खाचेची खोली, प्लेटच्या जाडीशी तिचे प्रमाण, स्क्रूपासूनचे अंतर आणि या प्रत्येकाचा परिणाम, असे एकेक उतरते क्लेम मी ठेवतोच.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

माप बदलणे हा शोध नव्हे. ठरावीक मापालाच अनपेक्षित परिणाम मिळतो हे आकड्यांनी दाखवता येत असेल तरच मापावर क्लेम लिहावा.

डब्याचे रूप आवडले म्हणून पेटंट मागू नये. रूपासाठी डिझाइन कायदा २००० आहे, आणि त्याचे संरक्षण १० वर्षे व पुढे ५ वर्षे मिळते. उलट, यांत्रिक करामत डिझाइनमध्ये नोंदवून तिचे पेटंट मिळाल्यासारखे मिरवूही नये.

आधी प्रदर्शनात मांडून मग अर्ज करणाऱ्यांना कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत आठवते, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच असते हे आठवत नाही.

प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे पूर्ण स्पेसिफिकेशनच्या आधी तारीख मिळवण्यासाठी करायचा तात्पुरता अर्ज, घाईने दीड पानात उरकू नये. त्यात जे नाही त्याला त्या दिवसाची तारीख मिळत नाही, आणि दीड पानात कारणे कधीच मावत नाहीत.

एफईआरच्या उत्तराला सहा महिने असतात. मुदतवाढ फी भरून मागता येते, पण मुदतीत पूर्तता झाली नाही तर कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असे धरले जाते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौथा महिना लाल करतो. सहाव्या महिन्यात फाइल घेऊन येणाऱ्याला डी-१ पूर्ण वाचून मिळेल अशी अपेक्षा त्याने ठेवू नये.

सुनावणीनंतरचे लेखी म्हणणे १५ दिवसांत जाते. त्यात नवे मुद्दे कोंबण्यापेक्षा तोंडी जे बोललो तेच पान-ओळ देऊन लिहावे.

मूळ अर्ज चालू असताना त्याच डब्यात छोटी सुधारणा सुचली, तर कलम ५४ खालचे पेटंट ऑफ ॲडिशन, म्हणजे मुख्य पेटंटला जोडून मिळणारे सुधारणेचे पेटंट, पाहावे. तुमच्याच मूळ शोधाच्या तुलनेत त्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, एवढ्याच कारणाने ते कलम ५६ नुसार नाकारता येत नाही. फार थोडे लोक याचा उपयोग करतात. अट एवढीच की मुख्य पेटंट मंजूर झाल्याशिवाय ते मंजूर होत नाही. भोसरीच्या त्या उद्योजकांनी नंतर खाचेत भरायच्या उष्णतारोधक पट्टीचे चित्र मला पाठवले होते. तोवर मुख्य अर्ज नामंजूर झालेला होता.