जुन्या सिनेपोस्टरांचा व्यापार : पहिली विक्री करण्याआधीची तयारी

जुनी सिनेपोस्टरं विकणारे बहुतेक लोक आधी ती जमवणारे असतात. एकाच पोस्टरच्या दोन प्रती हाती लागतात, त्यातली जरा डावी विकली जाते, त्या पैशांत तिसरंच काही येतं आणि बघता बघता घरात आवडीच्या पोस्टरांपेक्षा विकायची जास्त साठतात. गाडी इथवर आली असेल तर सगळ्यात आधी दोन कप्पे वेगळे करा, एक संग्रहाचा आणि एक मालाचा. मालातलं चांगलं ते गुपचूप संग्रहात सरकायला लागलं की गिऱ्हाइकापुढे गाळच येतो, आणि जाणकार गिऱ्हाईक हे फार लवकर ओळखतं. काही व्यापारी तर जे विकतात ते स्वतः जमवतच नाहीत. मला हा नियम थोडा कडक वाटतो, पण त्यांचा धंदा चालतो हेही खरं.

मग आपलं क्षेत्र आखून घ्या. सगळ्या देशांची, सगळ्या काळातली पोस्टरं एका माणसाच्या डोक्यात मावत नाहीत. 1930 च्या दशकातले भयपट, 1950 च्या दशकातले विज्ञानपट, पोलंडच्या चित्रकारांची पोस्टरं, यातलं एखादं दालन निवडा आणि त्यातले आकार तोंडपाठ करा. अमेरिकन वन-शीट, म्हणजे चित्रपटगृहात लागणारं नेहमीचं उभं पोस्टर, 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत साधारण 27 बाय 41 इंचांचं असे, पुढे ते 27 बाय 40 झालं. इन्सर्ट 14 बाय 36, हाफ-शीट 22 बाय 28, लॉबी कार्ड, म्हणजे चित्रपटगृहाच्या आत लावायचं छोटं जाड पोस्टर, 11 बाय 14 आणि बहुधा आठांचा संच. ब्रिटिश क्वाड आडवं, 40 इंच रुंद आणि 30 इंच उंच. फ्रेंच ग्रांद 47 बाय 63 च्या आसपास, जपानी बी-टू 20 बाय 29. या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे मोजपट्टी. 1960 च्या दशकातलं अमेरिकन वन-शीट म्हणून कोणी पुढे केलं आणि ते 24 बाय 36 भरलं, तर भिंग बाहेर काढायचीही गरज नाही. ते पुढे कधीतरी घरातल्या भिंतीवर लावण्यासाठी छापलेलं आहे.

यानंतरच्या तयारीला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. कागद वाचायला शिका. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकन वन-शीट सहसा घड्या घालूनच चित्रपटगृहांना पाठवली जात, त्यामुळे घडीच्या रेघा हा दोष नसून त्या काळाची खूण आहे. 1950 च्या दशकातलं एकही घडी नसलेलं करकरीत वन-शीट समोर आलं तर आनंद होण्याआधी शंका आली पाहिजे. तशी अस्सल प्रत अगदीच नसते असं नाही, पण तिच्यामागचा इतिहास विकणाऱ्याला सांगता आला पाहिजे. पुढे खालचा कोपरा आणि समास बघा. साधारण 1940 पासून 1980 च्या दशकापर्यंत अमेरिकेतली बहुतांश पोस्टरं नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीमार्फत वाटली जात. तिचा क्रमांक छापलेला असतो : 63, तिरकी रेघ आणि पुढे एक आकडा असेल तर चित्रपट 1963 सालचा. आकड्याआधी इंग्रजी आर असेल तर पोस्टर फेरप्रदर्शनाचं, आणि किंमत त्यानुसार खाली. त्याच समासात, हे पोस्टर कंपनीच्या मालकीचं असून खेळ संपताच परत करावं, अशी बारीक अक्षरातली सूचनाही सापडते. परत आलेलं पोस्टर पुढच्या गावी जाई, फाटेपर्यंत लावलं जाई आणि मग फेकलं जाई. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत आणखी कितीतरी गेली. आज जी दुर्मीळ म्हणवतात ती या वाटेतून चुकून निसटलेली आहेत.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. शिळाछापाच्या, म्हणजे दगडी ठशावरून छापलेल्या पोस्टरात रंग खडूने घासल्यासारखा दाणेदार आणि अनियमित दिसतो, तर ऑफसेट छपाईत ठिपक्यांची शिस्तशीर नक्षी असते. शिळाछाप म्हणून विकल्या जाणाऱ्या पोस्टरात सगळीकडे ठिपके दिसले की विषय संपला. ऑफसेट पोस्टरात मात्र चित्रापेक्षा अक्षरं तपासा, तीही सर्वांत बारीक, म्हणजे तळाशी असलेली श्रेयनामावली. मूळ प्रतीत या अक्षरांची कड सलग शाईची असते. नक्कल ही मूळ पोस्टरचा फोटो काढून केलेली असल्यामुळे तीच कड ठिपक्यांमध्ये विस्कटते. नंतर खोली अंधारी करून अतिनील दिवा लावा. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं मिसळण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्यामुळे 1930 च्या दशकातला म्हणवणारा कागद निळसर पांढरा चमकला तर व्यवहार तिथेच थांबवा. याच दिव्यात नंतर भरलेले रंग आणि डागडुजीही उठून दिसते. आपल्या क्षेत्रातल्या बदनाम नकला कोणत्या, याचीही नोंद ठेवा. ‘रिव्हेंज ऑफ द जेडाय’ या नावाचं आगाऊ पोस्टर निघाल्यानंतर चित्रपटाचं नाव बदललं आणि 1983 मध्ये तो ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ म्हणून आला. जुन्या नावाच्या पोस्टरला तेव्हापासून मागणी आहे आणि त्याच्या नकलाही तितक्याच जुन्या आहेत.

डागडुजी स्वतः करू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन केलेलं किंवा गरम दाबाने पुठ्ठ्याला चिकटवलेलं पोस्टर बाजारातून उठल्यात जमा. व्यावसायिक पद्धतीत ताणलेल्या कापडावर आम्लरहित कागदाचा थर देऊन त्यावर खळीने पोस्टर चढवतात, कारण अशी खळ पुढे पाण्याने सोडवता येते. असा कारागीर माल भरण्याआधीच गाठून ठेवा, त्याचे दर विचारा आणि त्याच्याकडे किती महिन्यांची रांग आहे तेही विचारा. प्रत्येक पोस्टर कापडावर चढवण्याच्या लायकीचं नसतं. खर्च किमतीहून जास्त होणार असेल तर जसं आहे तसं विका.

साठवणीचं थोडक्यात सांगतो : आम्लरहित फोल्डर किंवा पॉलिएस्टरची पाकिटं, पीव्हीसी प्लास्टिक नको, ऊन नको, दमट भिंत नको.

किमतीसाठी मागितलेले आकडे बघत बसू नका, प्रत्यक्ष मिळालेले बघा. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल शोधता येतात, त्यात एकाच पोस्टरच्या वेगवेगळ्या स्थितीतल्या प्रती शोधून तुलना करा. लिलावात ज्या किमतीला हातोडा पडतो तिच्यावर खरेदीदाराला वेगळं शुल्क द्यावं लागतं, ते अनेक ठिकाणी वीस टक्के किंवा त्याहून जास्त असतं. हे विसरलं की निम्मा नफा हिशेबाच्या वहीतच आटतो. ‘मेट्रोपोलिस’चं 1927 सालचं पोस्टर 2005 मध्ये 6,90,000 डॉलरला गेलं, ‘ड्रॅक्युला’चं 1931 सालचं 2017 मध्ये 5,25,800 डॉलरला. या बातम्या वाचायला झकास आहेत, पण नव्या माणसाचा चरितार्थ मधल्या किमतीच्या, पुन्हा पुन्हा मागितल्या जाणाऱ्या पोस्टरांवर चालतो. त्यातलीही काही वर्षानुवर्षं पडून राहतात. म्हणून घरखर्चाचे पैसे मालात गुंतवू नका.

माल मिळतो लिलावांत, मेळ्यांत, बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या मालकांच्या घरी आणि मुख्य म्हणजे इतर व्यापाऱ्यांकडे. ते आपसात सवलतीने देतात, पण दिलेला शब्द पाळणाऱ्यालाच. जुन्या घरांच्या भिंतींत आणि फरशीवरच्या लिनोलियमखाली भर म्हणून कोंबलेली पोस्टरंही निघाली आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बर्विक इथे तर एकावर एक चिकटवलेला जाड गठ्ठा मिळाला आणि वाफ देऊन त्यातून 1930 च्या आसपासची पोस्टरं सुटी करावी लागली. अशा घबाडाच्या आशेवर मात्र धंद्याचं अंदाजपत्रक मांडू नये. घेतलेल्या प्रत्येक नगाची तारीख, किंमत आणि कोणाकडून घेतला ही नोंद त्याच दिवशी करा, पुढे मालकीचा प्रश्न निघाला तर हाच कागद कामी येतो. पोस्टर तुमचं झालं तरी त्यावरच्या चित्राचा हक्क तुमचा होत नाही. त्याच्या प्रती छापून विकण्याचा विचार डोक्यात असेल तर आधी वकील गाठा. कर आणि नोंदणीचे नियम आपापल्या ठिकाणचे बघा.

वर्णन लिहिण्याचा सराव विक्रीआधीच सुरू करा. ‘उत्तम स्थिती’ म्हणजे काहीच नाही. टाचणीची भोकं कोणत्या कोपऱ्यांत, घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे फट किती लांब, समास कापलाय का, मागे पेनाने काही लिहिलंय का, रंग कुठे भरलाय, हे सगळं लिहा आणि मागच्या बाजूचा फोटो टाळू नका. प्रतवारीत दोन पायऱ्यांमध्ये अडकलात तर खालची द्या. परतीची मुदत ठरवा, पण अस्सलपणाच्या हमीला मुदत घालू नका.

राहिलं पॅकिंग. गुंडाळून पाठवायच्या पोस्टरसाठी रुंद व्यासाची जाड नळी घ्या आणि ती पोस्टरपेक्षा दोन्ही टोकांना थोडी लांब असू द्या, म्हणजे झाकण दबलं तरी कडा वाचतात. लॉबी कार्डं आणि घडीची पोस्टरं दोन नालीदार पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल कुठूनही सहज वाकत नाही. विमा विक्रीच्या पूर्ण किमतीचा उतरवा आणि पोस्टर पुठ्ठ्यात घालण्याआधी त्याचा शेवटचा फोटो तारखेसह काढून ठेवा.