गोचीड चावते, तरी गाय गप्प का राहते?

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना बैलाच्या मानेवरून हात फिरतोच. यंदा तो हात जरा खाली, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घडीत जाऊ द्या. मग गोठ्यातल्या गाईंच्या कासेमागे, कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी. बोटाला मोहरीएवढं काही खरखरीत लागलं, तर ती कोवळी गोचीड. एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली दिसते तेव्हा तिचं काम जवळपास उरकलेलं असतं.

"गाय अंग घासत नव्हती, म्हणून लक्ष गेलं नाही," असं पशुपालक वारंवार सांगतात. यात त्यांचा दोष नाही. तोंड रुतवल्यापासून गोचीड लाळ सोडत राहते आणि ती लाळच गाईला गप्प ठेवते. आपल्याला काटा रुतला की खाज सुटते, सूज येते, कारण शरीर तिथं पांढऱ्या पेशींना बोलावत असतं. काही गोचिडींच्या लाळेतली प्रथिनं खाज आणणारं हिस्टामिन धरून ठेवतात. काही प्रथिनं पेशींना बोलावणारे निरोपच वाटेत अडवतात. कुत्र्यावरच्या गोचिडीत सापडलेल्या अशा प्रथिनांना एव्हासिन म्हणतात. तिथवर पोचलेल्या पेशींना लाळेतलं प्रोस्टाग्लँडिन मंद करतं. रक्त गोठू न देणारे घटक वेगळेच. शिवाय प्यायलेल्या रक्तातलं जादा पाणी गोचीड लाळेवाटे परत गाईच्याच अंगात सोडते, म्हणजे ती चिकटून आहे तोवर हा मारा सुरूच.

अशा मंदावलेल्या जागेतून रोगजंतू आत शिरतात. थायलेरिया हा गोचिडीतून येणारा सूक्ष्म जंतू तर ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला मारायचं, त्यांच्यातच घर करतो आणि त्यांना भराभर वाढायला लावतो. म्हणून खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत चढतो, दूध एकदम आटतं. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसिया या गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूची शंका घ्या. दोन्हींची औषधं निरनिराळी आहेत, त्यामुळे अंदाजाने इंजेक्शन देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि रक्ताची काच तपासून घ्या.

आपल्या हातात असलेली संधी मात्र मोठी आहे. थायलेरिया पसरवणाऱ्या हायलोमा गोचिडीच्या लाळग्रंथीत जंतू पक्के व्हायला ती चिकटल्यानंतर साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणून खाजेची वाट न पाहता दिवसाआड प्रत्येक जनावरावर हात फिरवा. धार काढायच्या आधी पाच मिनिटं पुरतात. सुरुवात होल्स्टीन, जर्सी आणि संकरित गाई-वासरांपासून करा. गीर, खिलार, देवणी अशा वशिंडाच्या गाईंची कातडी लाळेला लवकर ओळखते, त्या चाटून-घासून बऱ्याच गोचिडी पाडतात. चाव्यांतून अशी प्रतिकारशक्ती येते हे शास्त्रज्ञ विल्यम ट्रेगर यांनी १९३९ साली गिनिपिगवर दाखवलं होतं. संकरित गाईत ती कमी पडते. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लसही आहे, ती कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारा.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल चोळणं, चटका देणं नको, नखाने चिरडणं तर मुळीच नको. हायलोमा माणसाला काँगो ताप हा जीवघेणा विषाणूजन्य आजार देऊ शकते, २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत तो आढळला होता. हातमोजे घाला आणि काढलेल्या गोचिडी रॉकेलच्या डब्यात टाका.

पोट भरलेली मादी खाली पडून भिंतीच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते. तेव्हा नुसत्या गाईवर गोचीडनाशक औषध फवारून भागत नाही. भेगा बुजवा, चुना मारा, गव्हाणीखालचा कचरा काढा. सगळी जनावरं आणि गोठा एकाच दिवशी फवारा. प्रमाण बाटलीवरचंच ठेवा. औषध लागू पडेनासं झालं की लोक ते जास्त घालतात, आणि त्याला दाद न देणाऱ्या गोचिडी तेवढ्या उरतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारून औषधाचा गट बदला. जनावरांना आधी पाणी पाजा, भर उन्हात फवारू नका, औषध वाळेपर्यंत चाटू देऊ नका. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन हे गोचिडींवरचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नका, ते दुधात उतरतं. घोडं असेल तर त्याच्यावर अमिट्राझ हे फवारणीचं औषध वापरू नका.

बाजारातून नवी गाय आणलीत तर ती तीन आठवडे वेगळी बांधा, आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्या कानात बोट घालून बघा.