शेळ्यांचं पोट फुगायचं थांबलं आणि लेकाचं कामही सुटलं नाही

आमच्याकडे 6 उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि माझा लेक 9 वर्षांचा, ऑटिझम आहे त्याला, बोलतो अगदी थोडं. मक्याचा भरडा ओतताना जो खर्रर्र आवाज होतो ना तो त्याला इतका आवडतो की एकदा सुरू झाला की मगावर मग ओततच राहायचा, आणि एका संध्याकाळी बघते तर बांडी शेळी डाव्या बाजूने टम्म फुगलेली, रवंथ बंद, नुसती दात खातेय. डॉक्टर रात्रीच आले म्हणून वाचली. धान्य एकदम जास्त गेलं की पोटात आंबतं, आम्ल होतं, शेळी दगावते सुद्धा.

घरातले म्हणाले त्याला गोठ्यात सोडूच नको. मला नाही पटलं, दिवसभरात तो सगळ्यात शांत तिथेच असतो.

मग भरड्याची कोठी कुलपात टाकली. सकाळी काट्यावर मोजून 200 ग्रॅमचे 6 डबे भरते, प्रत्येक झाकणावर त्या त्या शेळीचा फोटो. डबा रिकामा झाला की फळीवर पालथा घालायचा, सहाही पालथे झाले की काम संपलं. "बास" म्हटलेलं त्याला कळायचं नाही, पालथे डबे बरोबर कळतात.

पहिला आठवडा खूप रडला हो, आवाज हवा होता त्याला. म्हणून ओट्यावर पत्र्याचा डबा आणि किलोभर चिंचोके दिले, हवे तितके ओत. आता गोठ्यात गेल्यावर आधी बांडीचाच डबा शोधतो.