क्योतोत एका दिवसासाठी स्वतःचा गाईड: ठरवायचा कसा, वापरायचा कसा

खाजगी गाईड घेतला म्हणजे जास्त ठिकाणं बघून होतात, ही समजूत आधी सोडा. जोतिबा, पन्हाळा आणि अंबाबाई एका दिवसात उरकून रात्री निपाणीला जेवायला परत येणारी आपली मंडळी जपानच्या क्योतो शहरातही तोच हिशेब लावतात आणि निम्मा दिवस टॅक्सीत घालवतात. शहराच्या तीन बाजूंना डोंगर आहेत आणि बघण्यासारखं बरंचसं त्या डोंगरांच्या पायथ्याशी विखुरलंय. फुशिमी इनारी देवस्थान दक्षिण-पूर्वेला, सोनेरी किंकाकुजी देऊळ वायव्येला, अराशियामाचं बांबूवन पश्चिमेला. ही तिन्ही नावं एकाच दिवसात घालणारा गाईड स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आठ तासांत एका बाजूची तीन ठिकाणं नीट होतात. चौथं झालं तर वरकड.

महिना आधी ठरवा, गाईड नंतर. आपल्याकडच्या शाळांना एप्रिल-मेची सुट्टी असते, म्हणून तिकिटंही तेव्हाचीच काढली जातात. पण २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’. त्या आठवड्यात अख्खा देश फिरायला निघतो, हॉटेलं महागतात आणि चांगले गाईड कितीतरी आधी भरलेले असतात. ७-८ मेनंतरचे तीन आठवडे उत्तम, कारण जूनमध्ये तिथंही पावसाळा लागतो. दिवाळीत जाणाऱ्यांनी लाल पानांची आशा धरू नये. हवा छान असते, पण क्योतोतला मेपल नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतो. जुलै-ऑगस्ट टाळा. शहर खोलगट भागात असल्यानं उकाडा कोंडून राहतो, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर तो सोसवत नाही.

व्हिसाचं एक वाक्यात: जपानी वकिलातींच्या विभागणीत कर्नाटक बेंगळुरूकडं येतं आणि महाराष्ट्र मुंबईकडं, त्यामुळं कागलच्या पाहुण्यानं मुंबईतून काढला म्हणून चिकोडीकरानं त्याच वाटेनं जायचं नाही.

आता गाईड. जपानमध्ये सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेले दुभाषी-गाईड असतात. २०१८ पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन गाईड म्हणून काम करायला मुभा आहे, फक्त ती पदवी लावता येत नाही. बिनपरवान्याचा म्हणजे वाईट असं नाही, पण इतिहासात रस असेल तर परवानाधारक घ्या. आठ तासांचे ३० ते ५० हजार येन हा आकडा सर्रास दिसतो. तो माणशी नसून पूर्ण गटाचा असतो, म्हणून दोघांना महाग वाटणारा गाईड सहा जणांत परवडतो. स्वयंसेवी गाईडही असतात. ते फी घेत नाहीत, त्यांचा प्रवास, तिकीट आणि जेवण आपण करायचं. मात्र वेळापत्रक त्यांच्या सवडीनं चालतं.

बहुतेक गाईड गाडी चालवत नाहीत. ते तुमच्याबरोबर चालतात, ट्रेननं येतात, टॅक्सीत बसतात. ‘माझ्याच गाडीतून फिरवतो’ असं कुणी म्हणालं तर नंबर प्लेट विचारा. तिथं भाड्याच्या प्रवासी गाडीला हिरवी प्लेट असते. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत पैसे घेऊन माणसं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात.

टॅक्सीचा हिशेब इथंच करून ठेवा, कारण हमखास चुकतो तो हाच. साध्या टॅक्सीत चार माणसं बसतात. नवरा-बायको, दोन मुलं आणि गाईड मिळून पाच होतात. म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या, आणि दुसऱ्या टॅक्सीत बसलेल्यांना गाईडचं एक अक्षर ऐकू येत नाही. ‘बसू की दाटीवाटीनं’ हे तिथं चालत नाही. पाच ते नऊ जण असाल तर दिवसभरासाठी मोठी जम्बो टॅक्सी ठरवा, नाहीतर ट्रेनवर भर द्या. टॅक्सीचं मागचं दार चालक आतून उघडतो-मिटतो. त्याला हात लावू नका.

पैसे भरण्याआधी गाईडला एकच सविस्तर मेल पाठवा. किती जण, प्रत्येकाचं वय, गुडघे कुणाचे दुखतात, कोण काय खात नाही. मग विचारायचं ते असं: आठ तास हॉटेलच्या लॉबीतून मोजणार की पहिल्या देवळापासून, संपतात कुठं, जादा तासाचा दर काय, गाईडचं तिकीट आणि जेवण कुणी द्यायचं (बहुतेक वेळा आपणच), पाऊस लागला तर काय, रद्द केलं तर किती दिवस आधीपर्यंत पैसे परत. नेमकी उत्तरं देणारा गाईड दिवसभरही नेमकाच असतो.

पूर्वेकडचा एक चांगला दिवस असा आखता येतो. सकाळी ७ ला फुशिमी इनारी. देवस्थान चोवीस तास उघडं, प्रवेश फुकट. क्योतो स्टेशनवरून जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या नारा लाईननं इनारी हे दुसरं स्टेशन, पाच मिनिटांचं. लोकलमध्येच बसा, रॅपिड गाडी इथं न थांबता पुढं जाते. इनारी हा भाताचा देव आणि कोल्हा त्याचा निरोप्या. दगडी कोल्ह्यांच्या तोंडाकडं बघा, कुणाच्या तोंडात भाताची लोंबी तर कुणाच्या कोठाराची किल्ली. खानापूरकडच्या भातवाल्यांना याचा अर्थ सांगायला नको. केशरी तोरी कमानी सुमारे दहा हजार आहेत. वर जाताना त्या कोऱ्या दिसतात. मागं वळून बघितलं की खांबांवर काळ्या अक्षरांत कमान देणाऱ्याचं नाव आणि तारीख, बरीचशी दुकानांची आणि कंपन्यांची. दोन-चार नावं गाईडकडून वाचून घ्या. कमानींच्या पहिल्या दाट रांगेनंतर एक गोल दगड आहे. मनात इच्छा धरून उचलायचा, वाटला त्याहून हलका लागला तर इच्छा पुरी होणार. गुडघेदुखीवाल्यांनी इथूनच परतावं. बाकीच्यांनी योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत जावं, अर्धा-पाऊण तास चढ आहे आणि शहर तिथूनच दिसतं. डोंगराचा माथा २३३ मीटरवर, पण पूर्ण फेरीला दोन-तीन तास जातात आणि वर फारसं वेगळं काही नाही.

परतताना जेआर नको. केइहान या खाजगी रेल्वेच्या फुशिमी-इनारी स्टेशनवरून बसा, शिचिजो स्टेशनला उतरा आणि चालत सांजुसांगेन्दो या बौद्ध देवळात या. तिकीट ६०० येन. गाईडचे पैसे सर्वांत जास्त वसूल होतात ते इथं. सुमारे १२० मीटर लांब लाकडी दालन, आत कान्नोनच्या १००१ मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. आताची इमारत १२६६ सालची. पुढच्या रांगेत २८ रक्षक उभे आहेत आणि त्यांत आपल्या ओळखीचे चेहरे निघतात. दाइबोन्तेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, कारुरा म्हणजे गरुड, तोही चोचीशी बासरी धरलेला. दोन टोकांना वाऱ्याची पिशवी घेतलेला वायुदेव आणि ढोलांच्या कड्यात उभा मेघगर्जनेचा देव. गाईडला आधीच कळवा की आम्हाला संस्कृत नावं सांगा, म्हणजे तो तयारीनं येतो. नाहीतर पाश्चात्त्य पर्यटकांना सांगायचं तेवढंच सांगून पुढं नेतो. आत फोटोला बंदी आहे, आणि ती पाळतात. जोडे काढावे लागतात, म्हणून लेसचे बूट नकोत आणि मोजे फाटके नकोत.

तिथून टॅक्सीनं कियोमिझुदेरा देवळाच्या चढावर, तिकीट ५०० येन. खिळे न वापरता बांधलेला १३ मीटर उंचीचा सज्जा बघून झाला की खालच्या ओतोवा झऱ्यावर या. पाण्याच्या तीन धारा आहेत. एक किंवा दोन प्यावं, तिन्ही पिणं हावरटपणाचं मानतात. वर टॅक्सीनं जायचं ते यासाठी, की सान्नेनझाका-निनेनझाका या जुन्या उतारांच्या पायऱ्या आणि दुकानं उतरत बघता येतात. खालून चढत आलात तर निम्मे लोक वाटेतच बसतात. संध्याकाळी गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीत मुख्य रस्त्यानंच चाला. २०२४ पासून खाजगी गल्ल्यांत शिरल्यास १० हजार येन दंडाच्या पाट्या आहेत. मायकोंची (शिकाऊ गेइशांची) वाट अडवून फोटो काढू नका.

जेवण हा खरा अवघड भाग. ‘नो मीट’ म्हणालात तर मासा येतो, ‘नो फिश’ म्हणालात तरी दाशी येते. दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी, आणि ते मिसो सूपमध्ये, उदोन या जाड शेवयांच्या रश्श्यात, अगदी उकडलेल्या भाजीतही असतं. म्हणून मेलमध्ये ‘शाकाहारी’ एवढंच न लिहिता लिहा: कात्सुओ-दाशी चालत नाही, कोंबू-दाशी चालते. कोंबू हे समुद्रशेवाळ. बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी हे जेवण मांस-मासळीशिवाय, पारंपरिक रीतीनं कांदा-लसणाशिवायही असतं, त्यामुळं घरच्या वारकऱ्यांनाही ते चालावं. पण जागा आधी राखावी लागते आणि ते फोन गाईडनंच करायचे. आयत्या वेळचा आधार म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत असू द्या. आंबे, कढीपत्ता, ओल्या मिरच्या मात्र नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. रस्त्यात चालत खाणं तिथं बरं दिसत नाही आणि कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी ठेवा.

बोलण्यातला एक घोटाळा लक्षात ठेवा. आपण होकाराला मान आडवी डोलावतो, गाईडला ते ‘नाही’ वाटतं. तो ‘हाय’ (जपानीत ‘हो’) म्हणतो ते पुष्कळदा ‘ऐकतोय’ इतकंच. आणि एखादी विनंती केल्यावर तो श्वास ओढून ‘चोत्तो...’ म्हणत थांबला, तर ते ‘छोटं’ नव्हे, सभ्य नकार आहे. पुन्हा विचारू नका, दुसरं सुचवा.

शेवटी टिप देऊ नका, तो अवघडतो. गोकाकच्या करदंटाचं सीलबंद पाकीट दोन्ही हातांनी दिलं तर आनंदानं घेतो. फी रोख ठरली असेल तर लिफाफ्यात घालून द्या. येन कमी पडले तर सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर भारतीय कार्ड सहसा चालतं, पण परदेशातला वापर सुरू करून घ्यायला बँकेत निघण्याआधीच जाऊन या.