वादळात आडव्या झालेल्या रोपांसाठी घरात काय काय तयार हवं

मंडळी, मृग लागायच्या आत हे सगळं एका गोणीत भरून पडवीत ठेवून द्या, कारण वादळ येऊन गेल्यावर दुकानं बंद असतात, लाईट नसते, आणि कलंडलेल्या रोपाची उघडी मुळं तासाभरात सुकायला लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या दापोलीकडच्या रस्त्यावर आम्ही लावलेली बकुळ, करंज, ताम्हण अशी अकरा रोपं आडवी झाली होती. बहुतेकांची निम्मी मुळं मातीतच होती. पण आम्ही उडालेले पत्रे शोधत होतो तोवर रस्ता मोकळा करणाऱ्यांनी मोठ्या झाडांबरोबर त्यातली सात बुंध्यातून कापून टाकली. उरलेली चार उभी केली, ती आज सावली देतायत. त्या सातांचं अजून वाईट वाटतं.

म्हणून गोणीत पहिली वस्तू म्हणजे लाल कापडाच्या पट्ट्या. वारा थांबला की आधी फेरी मारून वाचण्यासारख्या प्रत्येक रोपाला पट्टी बांधायची, आणि लाल पट्टी म्हणजे कापायचं नाही हे पंचायतीत, जेसीबीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं. फेरीला निघताना तारा बघा, तार पडलेली किंवा झाडात अडकलेली असेल तर लाईन बंद केल्याचं महावितरणकडून कळेपर्यंत जवळसुद्धा जायचं नाही, ओल्या मातीतूनही शॉक लागतो.

मग पहार, टिकाव, घमेलं, कोयती, धारदार करवत, सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री. जुनी गोणपाटं आठ-दहा तरी हवीत, ओली करून मुळांवर लगेच टाकायची. उभं करताना घाई नको. ज्या बाजूची मुळं वर आलीत तिथला खड्डा आधी मोकळा करायचा, तुटून चिंध्या झालेली मुळं साफ कापायची, मग दोघातिघांनी खालून बुंधा धरून हळूहळू उचलायचं, नाहीतर दुसऱ्या बाजूची शाबूत मुळंही तुटतात. मनगटाएवढ्या बुंध्याचं रोप असं हाताने उभं राहतं, जाड झाडाला जाणकार माणूस बोलवा. आधी होतं त्यापेक्षा खोल गाडू नका. माती दाबून पाणी सोडा, रासायनिक खत बिलकुल नको, नवीन मुळं फुटू देत.

आधाराला चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या काठ्या, एका रोपाला दोन किंवा तीन, पण आपल्याकडे खरी अडचण जांभ्या दगडाची आहे, फूटभर मातीखाली कातळ लागला की काठी जातच नाही, अशा ठिकाणी दोनतीन चिरे (जांभ्याचे कापीव दगड) थोडे गाडून त्यांना दोऱ्या बांधून ताण द्यायचा, त्यासाठी फुटके चिरे आत्ताच बाजूला काढून ठेवा. दोरी काथ्याची, आणि बुंध्याला लागते तिथे सायकलची जुनी ट्यूब. तार नको, नायलॉनपण नको, सालीत रुततात. आठाच्या आकड्यासारखा सैल फास द्या, बुंध्याच्या साधारण मध्यावर, म्हणजे शेंडा वाऱ्यावर हलेल. हललं तरच बुंधा जाड होतो, घट्ट बांधलेलं रोप दोरी सोडली की पुन्हा झोपतं.

मोडलेली फांदी ओढून काढू नका, साल खालपर्यंत सोलत येते. आधी खालून छोटा काप, मग वरून, आणि उरलेला खुंट फांदी बुंध्याला मिळते तिथल्या फुगीर गळ्याबाहेर कापायचा, बुंध्याला घासून नाही. सुपारीच्या बागवाल्यांकडे मोरचूद (कॉपर सल्फेट) असतंच, १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करा, सगळं मिळून एक लिटर पाणी. ही बोर्डो पेस्ट मोठ्या जखमेवर लावली की पावसात बुरशी कमी धरते. डांबर, ऑइलपेंट नको.

समुद्राकडची पानं खाऱ्या वाऱ्याने करपतात, लोकांना वाटतं झाड गेलं. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं दिसलं की जिवंत आहे. पाऊस नसेल तर गोड्या पाण्याने पानं धुवा. आणि चिपळूणसारखा पूर आला, २२ जुलै २०२१ ला आला तसा, तर बुंध्याभोवतीचा गाळ फावड्याने काढायलाच हवा, चिकट गाळाखाली मुळांना हवा मिळत नाही.

पावसात सगळं हिरवं दिसतं म्हणून फसू नका. वाचवलेली रोपं जास्त करून ऑक्टोबरच्या उन्हात जातात, मुळं अर्धीच असतात ना. तेव्हा बुंध्यापासून वीतभर सोडून नारळाची सोडणं (वरची सालं) पसरा, आणि पाण्याच्या पाळ्या आत्ताच घराघरात वाटून घ्या, आठवड्यातून दोनदा, दोन बादल्या, पुढच्या पावसापर्यंत. गोणीत एक मार्करपण टाका, बांधल्याची तारीख काठीवर लिहा, दर दोन महिन्यांनी फास थोडा सैल करायचा आणि वर्षाने दोरी सोडून घ्यायची.