पोलोला मोठे ब्रेक लावण्याआधी

पहिलं काम आठवण्याचं आहे, त्याला पैसे लागत नाहीत. ब्रेक कमी पडले असं नेमकं कधी वाटलं, कुठल्या रस्त्यावर, आणि त्या वेळी पायाखालचं पेडल कसं होतं, हे कागदावर लिहून काढा. मोठी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, आणि तिच्यावर घर्षणाचे पॅड दाबणारा लाल कॅलिपर बघून नुसती हौस वाटली असेल तर तेही लिहा. हौसेला मोल नसतं, फक्त तिचा खर्च सुरक्षेच्या खात्यात टाकू नका.

माझ्या कागदावरची नोंद अशी होती. गाडी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे डिस्क, मागे ड्रम. जानेवारीत महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. गाडीत चार माणसं, डिकीत स्ट्रॉबेरीचे खोके, गिअर डी वर आणि पाय सतत ब्रेकवर. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि जळका वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या दोन वळणांनंतर पेडल मऊ लागायला लागलं, तिसऱ्याला ते जवळजवळ तळाला गेलं. हँडब्रेक आणि दैवाच्या भरवशावर गाडी कडेला घेतली. तासाभराने ब्रेक परत आले, जसं काही झालंच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मी मॉडिफिकेशनच्या एका दुकानात उभा होतो आणि माझ्या हातात मोठ्या ब्रेक किटचं लाखाच्या वरचं कोटेशन होतं. ते घेतलं नाही. का, ते पुढच्या यादीत येईलच.

कागदावरची नोंद वाचताना पेडलपाशी थांबा, कारण बहुतेक निदान तिथेच होतं. पेडल दगडासारखं घट्ट आहे, पाय जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेली आहे. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. पेडल थरथरत असेल आणि स्टिअरिंगही हलत असेल, तर बहुतेक वेळा डिस्कवर पॅडचा थर कमी-जास्त बसलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला सरसकट ‘डिस्क वाकली’ म्हणतात. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं आणि दुकानदार मला पहिल्या प्रकारचं औषध विकत होता.

त्यानंतर एक चाचणी घ्या. कोरडा, मोकळा, सरळ रस्ता, मागे कोणी नाही, पट्टा लावलेला. ताशी ५० वर पेडल एकदम पूर्ण दाबा. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, कुरकुरली, पेडलने पायाला झटके दिले, तर तुमच्या ब्रेकमध्ये टायरला झेपते त्यापेक्षा जास्त ताकद आधीच आहे. गाडी थांबते ती टायरच्या रस्त्यावरच्या पकडीवर. ताशी १०० वरून ती ४० मीटरमध्ये थांबणार की ५० मध्ये, हे एकदाच ब्रेक मारायचा असेल तर डिस्कचा आकार ठरवत नाही. मोठी डिस्क दहाव्या-विसाव्या ब्रेकला कामाला येते, कारण ती उष्णता जास्त सामावते आणि लवकर सोडते. हा फरक कळला की अर्धी खरेदी आपोआप गळून पडते.

म्हणून यादीत आधी टायर. बाजूला डॉट या इंग्रजी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३११९ म्हणजे २०१९ सालचा ३१ वा आठवडा. माझ्या मागच्या टायरवर १४१५ होतं, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर अजून चालू होते आणि मी नव्या कॅलिपरच्या किमती विचारत होतो! नक्षी १.६ मिमीवर आली की कायद्यानेच टायर संपला; कोकणात पावसात जाणाऱ्याने त्याच्या बऱ्याच आधी बदलावा.

मग ब्रेक ऑइल. आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही, ग्लायकॉलवर आधारलेला द्रव आहे आणि तो हवेतला ओलावा पीत राहतो. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते; आंबेनळीत माझा पाय वाफ दाबत होता. डॉट ५ हे नाव ५.१ सारखं वाटलं तरी ते सिलिकॉनचं आहे, ते या गाडीत घालायचं नाही आणि मिसळायचंही नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. ‘टॉप-अप केलंय साहेब’ म्हणजे बदललं नव्हे. स्वतः उभे राहा, चारही चाकांच्या ब्रेकमधून जुनं ऑइल आणि हवा काढताना पारदर्शक नळीतून काय बाहेर येतं ते बघा. माझं कोऱ्या चहासारखं निघालं. शेवटच्या चाकाला फिकट पिवळं येईपर्यंत मी मेस्त्रीच्या डोक्यावर उभा होतो, त्याने दोनदा हातातला पाना खाली ठेवला. बाटली सीलबंद आणा. कपाटातली गेल्या वर्षीची उघडी बाटली झाडूनपुसून काढू नका.

पॅड निवडताना बऱ्याच पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं वाचा. पहिलं साध्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ई म्हणजे गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्यासाठी ‘एफएफ’ चांगलं. रेसिंगचे पॅड सकाळी सोसायटीच्या गेटवर थंड असताना नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि अलॉय काळे करतात. पॅड उघडले आहेतच तर कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावून घ्या. एक पिन अडकली की एकच पॅड घासत राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून बघा, नखाने चाचपून नाही, मायक्रोमीटरने. मागचे ड्रम उघडून लायनर बघा. ड्रमवर लाल रंग मारायचा असेल तर खुशाल मारा, ब्रेकला त्याचं काही नाही.

माझं बिल इथे संपलं. चांगले पॅड, ताजं ऑइल, चार टायर. यातला मोठा आकडा टायरचाच होता.

आता, कोणाला मोठे ब्रेक खरंच लागतात? जो कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या मद्रास सर्किटला ट्रॅक डे करतो, किंवा ज्याने इंजिन रिमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून, ताकद बरीच वाढवली आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा संपला की दर फेरीला जोरात ब्रेक लागतो. तिथे साधे पॅड काही फेऱ्यांतच हात टेकतात. तरीही क्रम तोच: आधी पॅड आणि ऑइल, मग डिस्क. पोलोला २५६ मिमीच्या जागी याच घराण्यातल्या जीटीआयची २८८ मिमीची डिस्क आणि तिचे कॅलिपर बसवणारे बरेच आहेत. भलत्या ब्रँडच्या सहा पिस्टनच्या कॅलिपरपेक्षा मला तो रस्ता शहाणपणाचा वाटतो, कारण पेडलच्या जोरावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचं गणित फार बिघडत नाही. भोकं पाडलेल्या डिस्कला मात्र दूरूनच नमस्कार. सतत तापून भोकांच्या कडेने तडे जातात.

कोटेशनवर सही करण्याआधी आणखी तीन गोष्टी. तुमची अलॉय कॅलिपरवरून मोकळी फिरते का, आणि स्टेपनीही बसते का? दुकानात स्टेपनी कोणी लावून बघत नाही, पंक्चर मात्र ताम्हिणीतच होतं. पॅड पुढच्या वर्षी कुठे मिळणार? आणि कागदपत्रं: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना नकार दिला. वॉरंटी असेल तर शोरूमला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

नवे पॅड लावल्यावर ते ‘बसवावे’ लागतात, म्हणजे डिस्कवर त्यांचा सारखा थर बसू द्यावा लागतो. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं चालवा, शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता थंड होऊ द्या.

यादीतली शेवटची गोष्ट गिअरची, आणि घाटात हीच सर्वांत मोठी. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, पोलादपूर पायथ्याला. माणसं-सामानासह १४०० किलोची गाडी बाराशे मीटर खाली आणायची म्हणजे ताशी १०० वरून तीसेक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. ती हवा आणि इंजिन घेईल तेवढी घेऊ द्या, उरलेलीच ब्रेकवर येऊ द्या. डीएसजी मॅन्युअलमध्ये टाका, वळणांत दुसरा, सरळ उतारावर तिसरा. इंजिन ओरडलं तर ओरडू दे, न्यूट्रल कदापि नाही.

यंदा तसाच उतरलो. वास नाही, पेडल होतं तिथेच. पोलादपूरला चहाला थांबलो तर धाब्यावरचा पोरगा पाइप घेऊन आला, “काका, गाडी धुऊ? चाकं काळी झालीत.” तापलेल्या डिस्कवर गार पाणी नको. त्याला म्हटलं, अर्ध्या तासाने धू, तोवर अजून एक चहा सांग.